शिवी, शास्त्र आणि प्रश्न : ‘समाजस्वास्थ्य’च्या भाषेविषयी

रायगडच्या किनाऱ्यावरील दिवेआगर येथील शके ९८२चा (इ. स. १०६०) ताम्रपट जुन्या मराठीचा एक महत्त्वाचा पुरावा मानला जातो. सोन्याच्या ठेवीसंबंधीचा व्यवहार नोंदवणारी त्याची भाषा कोरडी आणि जबाबदार आहे. याच उत्तर कोकणच्या शिलाहार परंपरेतील परळचा शिलालेख (इ. स. ११८७) मात्र वेगळे काही दाखवतो. त्याचा मुख्य मजकूर संस्कृतात आहे. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाचा संबंध जोडून दिलेला शाप तेवढा मराठीत आहे. लैंगिकतेचा उघड उच्चार मराठीत इतक्या आरंभी भेटतो तो असा, शिवी म्हणून, आणि तोही स्त्रीदेहाला धाकाचे साधन करून. या विषयावर मराठी गप्प होती असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. तिच्यापाशी शब्द होते. व्यवहाराची भाषा नव्हती.

पुढील काळात या रिकाम्या जागेच्या एका बाजूस संस्कृतातून आलेली शास्त्रीय परिभाषा राहिली, तर दुसऱ्या बाजूस ‘कावळा शिवणे’, ‘दिवस जाणे’, ‘अंगावरून जाणे’ यांसारखी आडवळणे. पहिलीत अनुभव हरवतो. दुसरीत तो सूचित होतो, पण त्याविषयी काही विचारता येत नाही. १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू करणाऱ्या र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्याचे वाङ्मयीन महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरे दिली. मराठी गद्यात लैंगिकता येथे प्रश्नार्थक वाक्यात आली.

१९३४च्या खटल्याचा रोख नेमका या उत्तरांवर होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही आणि वाचक विचारत असतील तर उत्तर देणे गैर नाही, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. तरीही कर्व्यांना दंड झाला.

फूकोने पाश्चात्त्य समाजातील लैंगिक बोलण्याचे मूळ कबुलीजबाबात शोधले. तेथे सत्ताधारी विचारतो आणि व्यक्ती उत्तर देते. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये हा क्रम उलटतो. मात्र विचारण्याचा अधिकार वाचकाकडे आला तरी निर्णयाचा अधिकार संपादकाकडेच राहतो. विज्ञानावरील निःशंक विश्वासामुळे कर्व्यांचे उत्तर बहुधा निकालासारखे येते आणि प्रश्नकर्त्याला प्रतिप्रश्नाची जागा उरत नाही. त्यांचा संवाद मोठा आहे, पण अर्धा आहे.

मराठी समीक्षेने या अर्ध्या संवादाचीही पुरेशी दखल घेतलेली नाही. आपली चर्चा प्रामुख्याने श्लील-अश्लीलतेभोवती आणि कलाकृतीच्या स्वातंत्र्याभोवती फिरली. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ला सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केले, त्याचे समाधान आपल्याला वाटते. कर्व्यांच्या उत्तरांना मात्र कलेचे कवच नव्हते. ‘हे वाङ्मय आहे’ एवढे म्हणून त्यांचा बचाव करता येत नाही. त्यासाठी साध्या माहितीचा हक्क मान्य करावा लागतो. हा हक्क आपल्याकडे किती डळमळीत आहे, हे २००७ साली महाराष्ट्रात विरोधामुळे थांबवलेल्या शालेय लैंगिक शिक्षणाने पुन्हा दाखवले.

अश्लीलतेची कसोटी मजकुरात काय आहे ते पाहते. लैंगिक आरोग्याच्या भाषेला याहून वेगळी कसोटी लावायला हवी : एखाद्या मुलीला किंवा समलिंगी तरुणाला या भाषेत, अपमान न पत्करता, आपला प्रश्न विचारता येतो काय? या कसोटीवर संस्कृतप्रचुर पाठ्यपुस्तक आणि गावरान शिवी ही दोन्ही सारखीच उणी पडतात. कर्व्यांचे गद्य, त्याच्या सर्व हेकटपणासह, या कसोटीच्या सर्वाधिक जवळ पोहोचते. म्हणून ते समाजसुधारणेच्या इतिहासाइतकेच मराठी गद्याच्या इतिहासातही वाचले गेले पाहिजे.