पद्धत की यंत्र? : १९९४ मधील दोन पेटंट-अपिले

संगणकाच्या आज्ञावलीस पेटंट द्यावे की देऊ नये, एवढ्यापुरतीच पेटंटविषयक चर्चा बहुधा मर्यादित राहते. परंतु अर्जदाराने आपली हक्कमागणी कोणत्या रूपात मांडली, हा प्रश्नही तितकाच निर्णायक ठरतो. अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ऑगस्ट १९९४ मध्ये दिलेले दोन निकाल या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

यंत्रमानवाची अडथळ्यांशी टक्कर टाळण्यासाठी वस्तूंचे आकार काल्पनिक गोलांच्या उतरंडीने दर्शविण्याची पद्धत वॉर्मर्डॅम यांनी मांडली होती. ही अमूर्त कल्पनांची हाताळणी होय, असे ठरवून न्यायालयाने पद्धतीवरील व नुसत्या माहितीरचनेवरील मागण्या अमान्य केल्या. तीच उतरंड स्मृतीत साठविलेल्या यंत्रावरील मागणी मात्र टिकली. तेथे मुख्य वाद मागणीच्या सुस्पष्टतेचा होता, हे खरे. तथापि ती यंत्रावर आहे, एवढ्यावरूनच तिचा विषय पेटंटयोग्य मानला गेला.

लाउरी यांच्या अपिलात माहितीच्या ऑब्जेक्टांची स्मृतीतील रचना विचाराधीन होती. पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने तिला छापील मजकुराच्या पंक्तीस बसविले होते. ही रचना स्मृतीला भौतिक व्यवस्था देते व संगणकाचे कार्य अधिक कार्यक्षम करते, या कारणास्तव न्यायालयाने मंडळाचा निर्णय फिरविला.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकाच ऑब्जेक्टात बांधलेल्या असतात. त्या क्रियेलाच तेथे ‘मेथड’ म्हणतात. कायदा मात्र पद्धत व यंत्र हे वेगळे वर्ग मानतो. त्यामुळे एकच कल्पना कुशल मसुदाकार हव्या त्या वर्गात बसवू शकतो. लाउरी-निकाल संगणकाच्या कार्यातील सुधारणेकडे पाहतो. वॉर्मर्डॅम-निकाल यंत्रावरील मागणीपुरता नावापाशीच थांबतो. हाच त्यातील दोष होय.

पुढील इतिहासाने या भेदास पुष्टी दिली. सर्वसामान्य संगणकाची जोड दिल्याने अमूर्त कल्पना पेटंटयोग्य होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अ‍ॅलिस खटल्यात ठरविले. पद्धतीबरोबर यंत्रप्रणालीवरील मागण्याही कोसळल्या. उलट २०१६ च्या एनफिश खटल्यात फेडरल सर्किटने माहितीकोष्टकाची विशिष्ट रचना संगणकाच्या कार्यातील सुधारणा म्हणून ग्राह्य धरली. मागणीचे रूप निर्णायक मानल्यास सर्वांच्या मालकीची कल्पनाही शब्दयोजनेच्या बळावर एकाची होऊ शकते. म्हणून मागणीच्या नावापेक्षा तिने साधलेले कार्य तपासणे, हीच न्याय्य कसोटी ठरते.