ग्रीकांची रोगकल्पना आणि अस्क्लेपियसची उपासना

ग्रीक वैद्यकाचा इतिहास मांडताना सहसा एक सरळ रेषा आखली जाते : आधी दैवी कोपाची समजूत, नंतर हिपोक्रेटिसची बुद्धिनिष्ठा. मूळ साहित्यकृती पाहता ही मांडणी अपुरी ठरते.

'इलियड'च्या आरंभी पुजाऱ्याच्या अपमानामुळे क्रुद्ध झालेला अपोलो ग्रीक छावणीवर रोगराईचे बाण सोडतो. परंतु त्याच महाकाव्यात अस्क्लेपियसचा पुत्र माखाओन जखमेतील बाण काढून औषध लावतो. तेथे प्रार्थनेची गरज भासत नाही. अर्थात, दोन्ही दृष्टी आरंभापासूनच एकत्र नांदत होत्या.

बुद्धिनिष्ठेचा पुरावा म्हणून ज्याचा नेहमी दाखला दिला जातो, तो हिपोक्रेटिसच्या परंपरेतील 'पवित्र रोगाविषयी' हा ग्रंथही याला अपवाद नाही. अपस्माराचे मूळ मेंदूत व कफात आहे, असे ग्रंथकार ठामपणे सांगतो. मात्र त्याचा रोष देवांवर नसून मंत्रतंत्राने शुद्धी करणाऱ्या भोंदूंवर आहे. रोग खरोखरच देवाने दिला असेल, तर रुग्णाला मंदिरात न्यावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याच्या मते सर्वच रोग दैवी आणि सर्वच मानवी आहेत.

एपिडॉरस येथील मंदिरातील इ.स.पू. चौथ्या शतकातील शिलालेख याहून बोलके आहेत. रोगी तेथे निजत आणि स्वप्नात देव उपचार करी. अशा सुमारे 70 कथा उपलब्ध आहेत. त्यांतील अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी आहे. लंगडे-आंधळे केवळ स्वप्नाने बरे होतात, या बोलण्याला ती हसते. देव तिला बरे करतो. पण अज्ञानाची खूण म्हणून चांदीचे डुक्कर अर्पण करण्याची अट घालतो. (दंडही मंदिराच्याच पदरात पडतो!) हे लेख मंदिरानेच कोरविलेले असल्याने त्यांत अपयशाची नोंद नाही, ही मर्यादा अभ्यासकाने विसरू नये. तथापि संशयाचे अस्तित्व ते लपवीत नाहीत. अविश्वास हाच येथे कथेचा विषय होतो, यावरून तो भाविकांच्या परिचयाचा असावा, असे अनुमान काढता येते.

ॲरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. 388 मधील 'प्लूटस' या प्रहसनात हेच मिश्रण रंगभूमीवर येते. रात्री दिवे मालवल्यावर पुजारी वेदीवरील नैवेद्य गोळा करतो आणि गुलाम कारिओन ते पाहून त्याचेच अनुकरण करतो. प्रेक्षक हसत असतील. पण त्याच रात्री देवाचे सर्प आंधळ्या प्लूटसला दृष्टी देतात, आणि पुढचे सारे नाटक त्या दृष्टीवर उभे राहते.