१.७ सेकंदांचा हिशेब

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांच्या वाटेत फरक एवढाच. यातून समतुल्यता तत्त्व सिद्ध झाले, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. कसोटी नेमकी कशाची झाली, हे क्वचितच सांगितले जाते.

गुरुत्वक्षेत्रातून जाताना प्रकाशाला थोडा जास्त वेळ लागतो. हा शापिरो विलंब. तत्त्व खरे असेल तर गुरुत्वीय लहरींनाही तेवढाच विलंब हवा. हैदराबादच्या आयआयटीतील शंतनू देसाई व सहकाऱ्यांनी २०१८च्या निबंधात वाटेतल्या कृष्णद्रव्यामुळे होणारा विलंब सुमारे ४०० दिवस काढला. त्यात फरक १.७ सेकंदांचा. म्हणून तत्त्वाचा भंग होत असलाच, तर साधारण एक कोटीत एका भागाहून कमी.

माझी हरकत इथे आहे. आमच्या वडगाव निंबाळकरच्या शिवारातून निघालेल्या उसाच्या दोन गाड्या कारखान्याच्या गेटवर मागेपुढे पोचल्या, तर दोष रस्त्याचा की फडातून उशिरा निघण्याचा? गेटवरच्या घड्याळाला ते कळत नाही. गॅमा किरण लहरींबरोबरच सुटले की मागून, हे कुणी पाहिलेले नाही. लायगोच्या गटाने, फक्त आपल्या आकाशगंगेचे गुरुत्व धरून, सुटण्यात १० सेकंदांपर्यंतचा उशीर गृहीत धरला, तेव्हा मर्यादेची एक बाजू चौपटीहून अधिक सैल झाली. याच घटनेचे रेडिओ तरंग तर अमेरिकेत १६ दिवसांनी मिळाले, आणि पुढे आपल्याच जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीलाही. ते १६ दिवस कुणी तत्त्वाच्या खाती मांडले नाहीत, कारण ते तरंग तयारच उशिरा झाले होते.

म्हणून देसाईंचा निबंध फोल ठरत नाही. प्रकाश आणि गुरुत्वीय लहरी वेगवेगळ्या भूमितीतून चालतात असे मानून कृष्णद्रव्य टाळणारे सिद्धान्त त्याने बाद केले, ते काम पक्के आहे. शेकडो दिवसांचा फरक अपेक्षित असताना दहा सेकंद इकडेतिकडे कोण विचारतो? एक कोटीत एक हा आकडा मात्र गृहीतकावर उभा आहे.

मला अधिक खणखणीत वाटतो तो २०१८चाच दुसरा पुरावा, पीएसआर जे०३३७+१७१५ या तीन ताऱ्यांच्या कुटुंबाचा. त्यात न्यूट्रॉन तारा आणि श्वेतबटू १.६ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, आणि ही जोडी ३२७ दिवसांच्या कक्षेत दुसऱ्या श्वेतबटूशी बांधलेली आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाची ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या मानाने दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मग बाहेरच्या ताऱ्याकडे दोघे सारखेच ओढले जातात का? फरक दहा लाखांत २.६ भागांहून कमी निघाला. कोटीपुढे हा आकडा ढोबळ दिसतो आणि प्रश्नही वेगळा आहे. पण इथे कोण केव्हा सुटले हे मानून चालावे लागत नाही. सहा वर्षे स्पंद मोजून कक्षाच तपासली आहे.