प्रतीक्षेतील प्रेक्षक : साहित्यकृतींचे माध्यमांतर आणि खानदेशची बोली
(साक्री परिसरातील वाचक-प्रेक्षकाच्या संदर्भात)

प्रास्ताविक :

आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघणार, ही वार्ता कानी आल्यापासून तो चित्रपट प्रत्यक्ष पडद्यावर येईपर्यंतचा काळ रसिकाच्या दृष्टीने मोठ्या औत्सुक्याचा असतो. नायकाची भूमिका कोण करणार, आवडता प्रसंग राहणार की गाळला जाणार, शेवट बदलणार काय, अशा प्रश्नांची चर्चा घरात, वर्गात, चहाच्या टपरीवर रंगते. मराठी समीक्षेने मात्र या काळाकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. समीक्षा सुरू होते ती चित्रपट पाहून झाल्यावर, आणि तिचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : मूळ कृतीशी इमान राखले गेले काय?

प्रस्तुत लेखात या प्रतीक्षेच्या काळाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी धुळे जिल्ह्यातील साक्री या तालुक्याच्या ठिकाणचा वाचक-प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवला आहे. या वाचकाच्या घरात प्रामुख्याने अहिराणी बोलली जाते. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात कोकणा, मावची आणि भिल्ल समाजांच्या बोली नांदतात. शाळेत प्रमाण मराठी शिकविली जाते आणि चित्रपट मराठीइतकाच, किंबहुना अधिक, हिंदी पाहिला जातो. पुस्तक आणि पडदा यांच्यामधले अंतर हा वाचक एकाहून अधिक भाषांतून ओलांडत असतो. म्हणूनच त्याची प्रतीक्षा अभ्यासाला विशेष उपयुक्त ठरते.

औत्सुक्याचे स्वरूप :

भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत औत्सुक्याचा समावेश आहे. प्रिय व्यक्तीच्या वियोगात तिची आठवण होणे हे औत्सुक्याचे एक कारण तेथे दिलेले आहे. हा विचार पात्राच्या भावाविषयी असला तरी प्रेक्षकाच्या मनःस्थितीलाही तो लागू पडतो. औत्सुक्य अपरिचितापेक्षा परिचिताविषयी अधिक उत्कट असते. पाश्चात्त्य समीक्षेत हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७पासून मांडलेली 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना याच्या जवळ जाते. वाचक कोऱ्या मनाने कृतीकडे येत नाही. पूर्वीच्या वाचनाने घडलेल्या अपेक्षा घेऊन तो येतो.

भारतीय चित्रपटाचा आरंभच अशा परिचित कथेपासून झाला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तेव्हा हरिश्चंद्राची कथा प्रेक्षकांना कीर्तन, पुराण आणि नाटक यांतून ठाऊक होती. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटानेही तीच कथा घेतली. पुढे काय होणार हे माहीत असतानाही लोक गेले, कारण ते कसे दिसणार आणि कसे ऐकू येणार याची ओढ होती. सह्याद्रीच्या पट्ट्यातील कोकणा समाजाच्या भोवाड्यात हेच घडते. मुखवटा धारण केलेले सोंग कोणत्या देवतेचे, हे जमलेल्यांना ठाऊक असते; तरीही सोंग येण्याची वाट रात्रभर पाहिली जाते. माध्यमांतराची उत्सुकता ही चित्रपटाच्या जाहिरातीने निर्माण केलेली आधुनिक गोष्ट आहे, असे मानणे त्यामुळे अपुरे ठरते.

या उत्सुकतेत साधारणतः तीन अपेक्षा आढळतात : रूपाची, आवाजाची आणि निवडीची.

(अ) रूपाची अपेक्षा :

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद जोशी स्वतःच्या तोंडून आपली कथा सांगतो. प्रथमपुरुषी निवेदनामुळे मुकुंदचा चेहरा वाचकाला बाहेरून फारसा दिसत नाही. तो तेथे स्वतःचाच चेहरा ठेवतो. या कादंबरीवरून 'गमभन' हे नाटक झाले, 'हमने जीना सीख लिया' हा हिंदी चित्रपट २००८ साली आला आणि सुजय डहाके दिग्दर्शित 'शाळा' हा मराठी चित्रपट जानेवारी २०१२मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटात मुकुंद आणि शिरोडकर यांना निश्चित चेहरे मिळाले. 'आमची शिरोडकर अशी नव्हती' ही अशा वेळी संभवणारी तक्रार दिग्दर्शकाच्या दोषाकडे बोट दाखवते असे वरवर वाटते. वस्तुतः वाचकाने वाचताना स्वतः किती निर्मिती केली होती, याची ती कबुली असते.

(आ) आवाजाची अपेक्षा :

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतील पं. वसंतराव देशपांडे यांचे गाणे यांनी ते रसिकांच्या कानांत कायमचे बसविले. ज्यांना प्रयोग पाहता आला नाही अशा गावोगावच्या रसिकांपर्यंतही ते ध्वनिमुद्रणांतून पोहोचले. २०१५ साली सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट आला, तेव्हा खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगावकर यांनी केली आणि त्यांच्यासाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. चेहरा बदलला तरी आवाजाचे घराणे टिकविले गेले. निर्मात्यांनी प्रेक्षकांच्या कानांतील स्मृतीची दखल घेतली, असे या निवडीवरून म्हणता येते.

(इ) निवडीची अपेक्षा : 'श्यामची आई'

खानदेशच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण 'श्यामची आई'चे आहे. सानेगुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील वसतिगृहाचे काम पाहताना ते मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक चालवीत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी लिहून घेतली. पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो आणि प्रकरणांना 'रात्र' असेच नाव आहे. म्हणजे पुस्तक हेच मुळात तोंडी कथनाचे माध्यमांतर आहे.

बेचाळीस रात्री एका चित्रपटात मावणे शक्य नव्हते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट केला, तेव्हा त्यांना निवड करावी लागली. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम मराठी मनात घर करून राहिले. १९५४ साली दिल्या गेलेल्या पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. त्यानंतर ज्यांनी पुस्तक हाती घेतले, त्यांतील अनेकांनी ते वनमालांचा चेहरा मनात ठेवूनच वाचले असणार. चित्रपट पुस्तकामागून आला. वाचनात मात्र तो पुस्तकाच्या पुढे जाऊन बसला.

नोव्हेंबर २०२३मध्ये सुजय डहाके यांचा 'श्यामची आई' प्रदर्शित झाला. त्यात सानेगुरुजींची व्यक्तिरेखा ओम भूतकर यांनी साकारली आहे. आठवणी सांगणारा माणूस स्वतःच पडद्यावर आला, ही निवड पुस्तकाच्या कथनरूपाशी जुळणारी आहे. रंगीत चित्रपटाच्या काळात तो कृष्णधवल ठेवला गेला. या निर्णयामागील निर्मात्यांचे हेतू काहीही असोत, प्रेक्षकाला त्यातून दोन काळ एकदम दिसतात : श्यामच्या बालपणाचा आणि १९५३च्या चित्रपटाचा. या चित्रपटाला एकाहत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, त्याची घोषणा २०२५ साली झाली. मूळ एक आणि प्रत दुसरी, अशी सरळ मांडणी येथे टिकत नाही. दुसऱ्या चित्रपटाची वाट पाहणारा प्रेक्षक पुस्तक आणि पहिला चित्रपट या दोहोंची आठवण घेऊन बसलेला होता.

प्रतीक्षा करणारा निर्माता : मालेगाव

धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यावरील मालेगाव या यंत्रमागांच्या शहरात प्रतीक्षेने वेगळेच वळण घेतले. व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी स्थानिक मित्रांना घेऊन २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. त्यात सुपरमॅनची भूमिका शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केली. त्याच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला, तर रीमा कागती दिग्दर्शित 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५मध्ये प्रदर्शित झाला.

सुपरमॅन १९३८ साली अमेरिकेतील चित्रकथेत अवतरला, १९७८ साली भव्य चित्रपटात आला, तेथून मालेगावात उतरला आणि शेवटी मालेगावचा सुपरमॅनच दुसऱ्या चित्रपटाचा विषय झाला. या साखळीत 'इमान' शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. शफीक यांचा कृश देह मूळ नायकाशी जुळत नाही, आणि चित्रपटाचे सारे बळ त्या न जुळण्यातच आहे. बाहेरून येणाऱ्या चित्रपटाची वाट पाहत राहण्याऐवजी मालेगावच्या चाहत्यांनी तो आपल्या गल्लीत, आपल्या हिंदुस्थानी बोलीत करून टाकला. अनुकरण म्हणून त्याची संभावना करणे सोपे आहे. परंतु चाहता जेव्हा स्वतःची बोली वापरू लागतो, तेव्हा तो भाष्यकार होतो, हे नाकारता येत नाही.

न उच्चारलेली अपेक्षा :

वरील तीन अपेक्षांच्या जोडीला साक्रीच्या प्रेक्षकाची एक चौथी अपेक्षा असावयास हवी : भाषेची. चेहरा कोणाचा, गाणे कोणाचे, प्रसंग कोणते, हे प्रश्न विचारले जातात. पात्रे आपल्या घरातील बोलीत बोलतील काय, हा प्रश्न क्वचितच उच्चारला जातो. ज्याची शक्यताच मनात येत नाही, त्याची उत्सुकताही वाटत नाही. प्रेक्षकाच्या अपेक्षांचे क्षितिज कोठे संपते, हे त्याच्या या मौनावरून कळते.

'श्यामची आई' ही कोकणातील कथा आहे, तेव्हा तिने अहिराणी बोलावे अशी मागणी कोणी करणार नाही. परंतु हेच शीर्षक अहिराणीत म्हणून पाहावे : 'श्यामनी माय'. 'आई'ची 'माय' होते, 'ची'च्या जागी 'नी' येतो आणि दोन शब्दांत अंगण बदलते. 'माझी आई' म्हणायला शाळेत शिकलेले मूल घरी 'मन्ही माय' म्हणते. पुस्तक वाचून रडताना ते कोणत्या भाषेत रडत असेल, हा प्रश्न माध्यमांतराच्या चर्चेत यावयास हवा.

अहिराणी पडद्यावर अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. विनोदी फिती आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांच्या चित्रफिती खानदेशात आवडीने पाहिल्या जातात. त्यांच्यामुळे बोलीला श्रोते आणि कलावंतांना काम मिळाले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. मात्र बोलीचा वावर प्रामुख्याने विनोद आणि नाच यांपुरता राहिला, तर ती गंभीर आशय पेलू शकत नाही असा समज तिच्या भाषकांतच रुजतो.

हा समज निराधार आहे. बहिणाबाई चौधरी यांची कविता खानदेशच्या लेवा गणबोलीतील आहे. ती अहिराणीहून वेगळी असली तरी प्रमाण मराठीच्या कक्षेबाहेरचीच बोली होय. संसार, वैधव्य, शेती, मृत्यू हे सारे त्या बोलीने पेलले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, आणि पुढच्याच वर्षी त्याच अत्र्यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली. खानदेशच्या बोलीचे सामर्थ्य जाणणारा लेखक आणि आईची कथा पडद्यावर आणणारा दिग्दर्शक एकच होता. त्या दोन वाटा एकत्र याव्यात असा योग मात्र आला नाही.

बोलीमुळे चित्रपटाचा प्रेक्षक घटतो, हा आक्षेप २०१६च्या 'सैराट'नंतर टिकत नाही. करमाळा परिसराच्या बोलीतील तो चित्रपट साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. २०१८ साली त्याचे हिंदी रूपांतर 'धडक' आले, तेव्हा कथा उदयपुरात नेली गेली. कथेचा सांगाडा सोबत गेला, पण करमाळ्याची बोली गेली नाही. बोली हा कथेवरचा अलंकार नसून तिचा देह आहे, हे या दोन चित्रपटांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

या प्रश्नाला निकडही आहे. जनगणनेत 'खानदेशी' या भाषागटात मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या २००१मध्ये २०,७५,२५८ होती; २०११मध्ये ती १८,६०,२३६ झाली. अनेक अहिराणी भाषक आपली मातृभाषा मराठी अशीच नोंदवीत असणे शक्य आहे, त्यामुळे या आकड्यांवरून बोलणाऱ्यांची नेमकी संख्या ठरविता येणार नाही. तथापि आपल्या बोलीचे नाव सांगण्याची इच्छा कमी होत असेल, तर तीही काळजीचीच बाब होय.

निष्कर्ष :

१. माध्यमांतराची उत्सुकता परिचित कथेच्या स्मृतीतून निर्माण होते. चित्रपट येण्यापूर्वीची रसिकाची चर्चा ही मूळ कृतीचे एक वाचनच असते.

२. 'श्यामची आई'सारख्या कृतीच्या बाबतीत प्रत्येक नवे रूप आधीच्या सर्व रूपांची आठवण जागवते. त्यामुळे केवळ मूळ पुस्तकाशी इमान हा निकष अपुरा पडतो.

३. मालेगावच्या चित्रपटांनी चाहता आणि निर्माता यांतील भेद पुसट केला. साधने तुटपुंजी असली तरी स्वतःच्या बोलीत रूपांतर करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

४. साक्री परिसरातील प्रेक्षकाच्या अपेक्षांत भाषेची अपेक्षा बहुधा अनुच्चारित राहते. ती उच्चारली जाण्यासाठी महाविद्यालयांतून अहिराणी कथांचे नाट्यवाचन, एकांकिका आणि लघुपट असे उपक्रम होणे इष्ट आहे. हाती मोबाइल असलेल्या विद्यार्थ्याला आज लघुपटासाठी मालेगावच्या त्या मित्रांहून अधिक साधने उपलब्ध आहेत.

येणाऱ्या चित्रपटाविषयी साक्रीतील विद्यार्थी उत्साहाने बोलतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात उद्याच्या कथाकाराची पूर्वतयारी असू शकते. कोणते कलावंत असतील, हे तो विचारतोच. पात्रे कोणत्या भाषेत बोलतील, हेही त्याने विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मुंबई-पुण्याहून येईल याची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही.