कोणत्या वर्षाचे जहाज?

एचएमएस व्हिक्टरीच्या पिछाडीला उघडे सज्जे होते का? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर वर्षावर ठरते. चॅटमच्या गोदीत १७५९ साली बांधायला घेतलेले हे जहाज १७६५ मध्ये पाण्यात उतरले, तेव्हा पिछाडीला कठड्यांचे सज्जे होते आणि नाळेवर आकृत्यांची दाटी असलेले भलेमोठे शिल्प होते. पुढे १८०० ते १८०३ या काळात जहाजाची मोठी दुरुस्ती झाली. सज्जे गेले, पिछाडी बंद आणि सपाट झाली, नाळेवर राजचिन्ह आणि त्याला आधार देणारी दोन बालके एवढेच आटोपशीर शिल्प उरले. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गरच्या लढाईत नेल्सन ज्या जहाजावर कोसळला, ते या दुसऱ्या रूपातले.

लाकडी जहाजांची मॉडेले बांधायच्या किटच्या दुनियेत व्हिक्टरीइतके लाडके जहाज क्वचितच सापडेल. १:७२, १:७८, १:८४, १:९८ अशा वेगवेगळ्या स्केलमध्ये ते मिळते. खऱ्या जहाजाची तोफांच्या मजल्यावरची लांबी १८६ फूट. म्हणजे १:७२ ला ती सुमारे ७९ सेंटिमीटर भरते आणि १:९८ ला ५८. खोक्यावर बहुधा ट्रॅफल्गरचे नाव असते, कारण लोक त्या लढाईसाठीच ते विकत घेतात. खोके उघडून आराखडे पसरले की मात्र एका किटमध्ये दोन-तीन काळ एकत्र नांदताना दिसतात: एक तपशील जुन्या रूपातला, दुसरा लढाईच्या वेळचा, तिसरा आजच्या पोर्ट्समथच्या गोदीतला.

मग पोर्ट्समथला जाऊन प्रत्यक्ष जहाजावरूनच मापे घ्यावीत, असे कुणी म्हणेल. तेही पुरत नाही. व्हिक्टरी १९२२ पासून कोरड्या गोदीत उभे आहे आणि त्याला १८०५ चे रूप परत देण्याचे काम विसाव्या शतकात झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यावर चढवलेल्या खालच्या डोलकाठ्या लाकडी नव्हत्या. त्या एचएमएस शाह या दुसऱ्या युद्धनौकेवरच्या पोकळ लोखंडी डोलकाठ्या होत्या. रंगाचेही तसेच. कित्येक पिढ्यांनी या जहाजाचे पट्टे गडद पिवळे पाहिले आणि मॉडेलेही त्याच रंगाची केली. रंगाच्या थरांची शास्त्रीय तपासणी झाली आणि २०१५ मध्ये जहाज फिकट, किंचित गुलाबी झाक असलेल्या रंगात रंगवले गेले. त्याआधीची पिवळी मॉडेले एका रात्रीत चुकीची ठरली का? तसे म्हणता येणार नाही. ती त्या दिवसापर्यंतच्या माहितीशी प्रामाणिक होती.

किटच्या अचूकतेबद्दलचे बरेचसे वाद इथेच फसतात. विकणारा खोक्यावर ‘संग्रहालयाच्या दर्जाचे’ असे छापतो, घेणारा चार महिन्यांनी ‘हे सगळे चूक आहे’ म्हणून चिडतो, आणि दोघेही कशाशी ताडून बोलत आहेत ते सांगत नाहीत. जहाज ही पंचवीस-पन्नास वर्षे सतत बदलत राहणारी वस्तू. किट कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या पुराव्यावर बेतलेले, ही दोन उत्तरे मिळाल्याशिवाय ‘अचूक’ हा शब्द पोकळ आहे.

पुरावा भक्कम असतो तिथे निकष कडक हवा. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ब्रिटिश आरमाराचे मूळ आराखडे मोठ्या संख्येने जपलेले आहेत. कॅप्टन कुकचे एन्डेव्हर हे व्हिटबीला १७६४ मध्ये बांधलेले कोळसावाहू जहाज. १७६८ साली आरमाराने ते विकत घेतले, तेव्हाचे आराखडे उपलब्ध आहेत. बाउंटी हे मुळात बेथिया नावाचे, हल येथे १७८४ मध्ये बांधलेले व्यापारी जहाज. १७८७ मध्ये विलायती फणसाची रोपे नेण्यासाठी त्यात फेरबदल झाले, त्याचेही आराखडे आहेत. एवढे हाताशी असताना हुलचा, म्हणजे जहाजाच्या अंगाचा, आकार चुकवणाऱ्या किटला सबब नाही.

तांब्याचा प्रश्न इथे चांगली कसोटी घेतो. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव म्हणून पाण्याखालचा भाग तांब्याच्या पत्र्यांनी मढवण्याची रीत ब्रिटिश आरमारात सरसकट सुरू झाली ती १७७९ नंतर. व्हिक्टरीला १७८० मध्ये तांबे लागले, बाउंटीलाही १७८७ मध्ये लागले. एन्डेव्हरला नव्हते. त्याच्या तळावर लाकडाचे जादा अस्तर होते आणि त्यावर पांढरट लेप. चकाकणारे तांबे कपाटात देखणे दिसते म्हणून ते एन्डेव्हरवर चढवणे म्हणजे इतिहासाची साधी तारीख चुकवणे. उलट बाउंटीच्या किटमध्ये तांबे नसेल तर तीही उणीवच.

आता दुसरे टोक. कोलंबसच्या सांता मारियाचा एकही आराखडा नाही, समकालीन विश्वासार्ह चित्र नाही. १४९२ च्या नाताळात ते हैतीच्या किनाऱ्यावर रुतले आणि तिथेच संपले. तरीही लाकडी किटांच्या बाजारात ते सहज मिळते. या जहाजाविषयी एक गोष्ट मात्र खात्रीची आहे आणि ती थेट कोलंबसच्या रोजनिशीत सापडते. २४ ऑक्टोबर १४९२ च्या नोंदीत त्याने उभारलेल्या शिडांची यादी आहे: खाली जादा कापडाच्या दोन पट्ट्या जोडलेले मुख्य शीड, पुढचे शीड, नाळेपुढच्या तिरक्या काठीचे शीड, मागचे शीड, मुख्य डोलकाठीवरचे वरचे शीड, शिवाय होडीचे शीड. म्हणजे शिडांचा पुरावा आहे, लाकडी अंगाचा नाही. १८९२ मध्ये चारशेव्या वर्षानिमित्त स्पेनमध्ये जी पूर्णाकृती प्रतिकृती बांधली ती ‘नाओ’ प्रकारच्या जाड, उंच जहाजाची. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधली ती त्याच जहाजाला ‘कॅरॅव्हल’ मानून. दोन्हींमागे अभ्यासक होते आणि दोन्हींचे आकार वेगळे आहेत.

अशा किटला ‘चूक’ म्हणणे अन्यायाचे होईल, आणि त्याने स्वतःला ‘अचूक’ म्हणवणे खोटेपणाचे. त्याने एवढेच करावे: हा अंदाज कुणाचा आणि कशावरून, ते लिहावे. स्पेनमधल्या मातारोच्या चर्चमध्ये नवसाचे म्हणून टांगलेले पंधराव्या शतकातले एक लाकडी जहाज आज रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. त्या काळच्या भूमध्य समुद्रातल्या जहाजांच्या अभ्यासात ते लहानसे मॉडेल एक महत्त्वाचा साक्षीदार ठरले. पुराव्यांची इतकी टंचाई आहे, हे ग्राहकाला कळले तर त्याचा किटमधला रस वाढेलच.

आणि अख्खे जहाज हाती लागले तरी सगळे कळतेच असे नाही. स्वीडनचे वासा १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले. १९६१ मध्ये ते जवळजवळ सबंध वर काढले गेले, शेकडो कोरीव मूर्तींसह. मापांचा वाद मिटला, पण रंग पाण्यात धुऊन गेला होता. आधी समज असा होता की पार्श्वभूमी निळी आणि मूर्ती सोनेरी. तशी चित्रे निघाली, तशी मॉडेलेही निघाली. नंतर लाकडाच्या रंध्रांत उरलेल्या रंगकणांची तपासणी झाली आणि पार्श्वभूमी लाल, मूर्ती बहुरंगी असल्याचे निष्पन्न झाले. वासा संग्रहालयातले १:१० चे मॉडेल आज त्याच रंगांत उभे आहे. दुकानात निळे वासा दिसले, तर त्यामागचे संशोधन किती जुने आहे, ते लगेच ओळखता येते.

इतिहास बाजूला ठेवला तरी साधे अंकगणित उरतेच, आणि किट तिथे अधिक सहज उघडी पडतात. हुलवर चिकटवायच्या लाकडी पट्ट्या पुष्कळदा ५ मिलिमीटर रुंद येतात. १:८४ च्या स्केलला त्या ४२ सेंटिमीटरच्या फळ्या होतात. खऱ्या फळ्या साधारण २५ ते ३० सेंटिमीटरच्या, म्हणजे पट्टी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास हवी. ६० सेंटिमीटरची पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत सलग लावली, तर १:७२ ला ती ४३ मीटर लांबीची फळी होते. एवढा सरळ ओक कुठल्या रानात वाढतो? खऱ्या फळ्या सात-आठ मीटरच्या असत आणि त्यांचे सांधे ठरलेल्या क्रमाने फासळ्यांवर येत. दोर बांधायची पितळी खुंटी १० मिलिमीटरची दिली, तर ती खलाशाच्या हातात पाऊण मीटरचा सोटा होते. एक मिलिमीटर डोक्याचा खिळा सात सेंटिमीटरचे डोके घेऊन फळीवर बसतो.

दोरांत आणखी एक खोच आहे. ब्रिटिश आरमार दोराचे माप घेराने सांगे. व्हिक्टरीच्या नांगराचा दोर २४ इंच घेराचा, म्हणजे सुमारे साडेसात इंच जाडीचा. १:७२ ला त्याची जाडी २.७ मिलिमीटर भरते. जुन्या तक्त्यातला घेर हीच जाडी समजून कुणी हिशेब केला, तर नांगराला साडेआठ मिलिमीटरचा अजगर लटकतो.

लाकडाचा पोतही स्केलमध्ये बसावा लागतो. बाजारातल्या किटमध्ये अक्रोड फार, कारण त्याचा तपकिरी रंग ‘जुने जहाज’ म्हणून लगेच पटतो. पण त्याची रंध्रे मोठी. लहान स्केलमध्ये ती फळीवरच्या चरांसारखी दिसतात. पेअर किंवा बॉक्सवुडचे बारीक पोताचे लाकूड महाग असते, तरी सूक्ष्म कडा तेच नीट धरते.

हे सगळे दोष सारखेच गंभीर नाहीत. खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या फक्त नळ्या देणे, आतल्या खोल्या न बांधणे, खऱ्या फासळ्यांऐवजी प्लायवूडचे आडवे छेद वापरून त्यांवर दोन थरांत पट्ट्या चढवणे, या तडजोडी आहेत आणि त्या वाजवी आहेत. त्यांच्याविना घरच्या टेबलावर शंभर तोफांचे जहाज कुणालाच पुरे करता येणार नाही. पूर्ण फासळ्यांचे मॉडेल हवे असेल, त्याच्यासाठी वेगळी वाट आहे: फ्रान्सच्या जाँ बूद्रियो यांचे ७४ तोफांच्या जहाजावरचे चार खंड, डेव्हिड अँटशर्ल यांची स्वान वर्गाच्या जहाजांवरची पुस्तके, व्हिक्टरीसाठी लाँगरिज यांचा १९५५ चा ग्रंथ. त्या वाटेवर किट लागत नाही. लागतात लाकूड, करवत आणि बरीच वर्षे. वाजवी तडजोड आणि आळशी चूक यांतला फरक ओळखणे, हेच समीक्षकाचे काम.

गेल्या दोन-तीन दशकांत ही कला स्पष्टपणे पुढे गेली आहे. पूर्वी फळकुटावर छापलेली रेघ पाहून हाताने कापावे लागे. लेझरने कापलेले भाग आले आणि आराखडा व लाकूड यांतले अंतर पुष्कळ मिटले. इंग्लंडच्या क्रिस वॉटन यांनी आमाती या इटालियन कंपनीसाठी व्हॅनगार्ड, पेगॅसस, फ्लाय ही किट रेखाटली आणि पुढे स्वतःची व्हॅनगार्ड मॉडेल्स काढून पेअरच्या लाकडात, मूळ आराखड्यांवर बेतलेली जहाजे दिली. अमेरिकेत चक पासारो यांनी मॉडेल शिपवेजसाठी सायरन आणि कॉन्फेडरसी केली, आणि आपल्या सायरन शिप मॉडेल कंपनीतून स्केलला साजेशा लाकडी कप्प्या आणि दोर उपलब्ध केले. अशा किटांत प्रत्येक पायरी उलगडणारी पुस्तिका असते आणि जहाजाचे वर्षही ठळक असते. त्यांची किंमत चढी आहे, पण तिच्यात अभ्यासाचे मोल धरलेले आहे. म्हणूनच अशा रचना परवानगीविना उचलून स्वस्तात विकणाऱ्या नकली किटांना ग्राहकाने थारा देऊ नये. अभ्यासाचा मोबदला बुडाला की पुढचा अभ्यास होत नाही.

घेणाऱ्याच्या अपेक्षांचाही हिशेब हवा. पहिलेच किट म्हणून तीन मजली व्हिक्टरी घेणारे बरेच असतात. शंभरेक तोफांचे तेच ते काम, शेकडो कप्प्या आणि दोरांच्या शिड्यांवरच्या हजारो गाठी समोर आल्या की जहाज माळ्यावर जाते. एक डोलकाठी, दहा-बारा तोफा आणि एखाद्या वर्षाच्या संध्याकाळी एवढ्यात बसणारे लहान जहाज आधी पुरे करावे. फळी निमुळती कशी करायची, नाळेशी ती कशी वळते, हे हाताला कळले की मोठ्या किटमधली चूकही डोळ्याला दिसू लागते आणि ती सुधारायचे धैर्यही येते.

या सगळ्या प्रश्नांचे एक अस्सल उदाहरण मुंबईत बांधले गेले आहे. एचएमएस त्रिंकोमाली हे सागवानी फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १८१६ मध्ये मुंबईच्या गोदीत सुरू झाले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याच्या आराखड्यांची पहिली प्रत घेऊन निघालेल्या एचएमएस जावाला १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने लढाईत हरवले. आराखडे गेले, नवी प्रत येईपर्यंत काम लांबले. पुढे १८४० च्या दशकात या जहाजाच्या पिछाडीचा आकार बदलला गेला आणि कमी पण जड तोफांचे कॉर्व्हेट म्हणून त्याची नवी वर्गवारी झाली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला १९९० ते २००१ या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि ते आजही तिथे तरंगते आहे. त्याचे मॉडेल करू म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न तोच पडेल: वाडियांनी बांधले ते १८१७ चे, की पिछाडी बदललेले नंतरचे? गंमत म्हणजे मॉडेलसाठी सागवान टाळावे लागेल, कारण त्याचा पोत लहान स्केलला भरड पडतो.

अलीकडे भारतीय नौदलाने अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधवून घेतले. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते आयएनएसव्ही कौंडिण्य या नावाने नौदलात दाखल झाले. त्याला मूळ आराखडा नव्हता, होते ते एक सपाट चित्र. बांधणाऱ्यांनी हे लपवले नाही. तांत्रिक आराखडा नसताना चित्रावरून रचना कशी उभी केली आणि आयआयटी मद्रासमध्ये मॉडेलच्या चाचण्या कशा घेतल्या, ते जाहीरपणे सांगितले गेले. पूर्णाकृती जहाज बांधणारे एवढे मोकळेपणाने सांगू शकतात, तर दोन-अडीच फुटांचे खोके विकणाऱ्यांना ते जड जाऊ नये.

म्हणून किट निवडणाऱ्याने पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: हे जहाज कोणत्या वर्षाचे, आराखडा कुठल्या संग्रहालयातला किंवा कुणाच्या अभ्यासावरचा, आणि पट्टीची रुंदी खऱ्या फळीच्या किती मापाची. तिन्हींची उत्तरे छापील पुस्तिकेत असतील तर ते किट घ्यावे, मग त्यात दहा तडजोडी असोत. पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते खोके दुकानातच राहू द्यावे.