घरी न पोचलेल्यांची ख्रिसमस गाणी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक शीट फिरते. नाव, तारीख, फोन नंबर. अमेरिकेतला क्लायंट सुट्टीवर जातो, पण त्याचे सर्व्हर सुट्टीवर जात नाहीत. मग २४ आणि २५ डिसेंबरच्या रात्री कुणीतरी पुण्यात लॅपटॉप उघडा ठेवून जागायचं. लग्न न झालेल्यांची नावं त्या शीटवर आपोआप वर सरकतात. माझं सलग चार वर्षं सरकलं.

ख्रिसमसची गाणी माझ्या आयुष्यात आली ती अशी. सुट्टीआधीच्या शेवटच्या कॉलवर पलीकडच्या मॅनेजरच्या घरात मागे काहीतरी वाजत असायचं. तो सांगायचा, आता गाडी काढतोय, आईकडे पोचायला नऊ तास लागतील. मी शुभेच्छा द्यायचो, माईक बंद करायचो आणि ते गाणं शोधायचो. तो घरी जावा म्हणून मी जागणार होतो. निदान त्याला कुठलं गाणं घरी घेऊन जातंय, हे तरी कळावं.

माझं गाव बपेरा. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, पुढे लगेच मध्य प्रदेश. डिसेंबरात आमच्याकडे धान कापून झालेलं असतं, बांधीत पुंजणे रचलेले असतात. मंडईतली दंडार नुकतीच आटोपलेली असते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालू असतात. ख्रिसमस म्हणजे कॅलेंडरवरची एक लाल तारीख, बस. त्यामुळे या गाण्यांवर माझा वारसाहक्क वगैरे काही नाही. तरी चार वर्षांत एक प्लेलिस्ट जमली. पॉप, रॉक, फोक, हिप-हॉप, लॅटिन, सगळं. ती ऐकून ऐकून माझं एक मत झालंय. गेल्या पन्नास-साठ वर्षांतली जी ख्रिसमस गाणी खरंच चांगली आहेत, ती बहुतेक आनंदाची नाहीत. ती घरी न पोचलेल्यांची आहेत.

याचं मूळ थोडं मागे सापडतं. 'व्हाइट ख्रिसमस' हे १९४२ साली बिंग क्रॉस्बीच्या आवाजात गाजलेलं गाणं लिहिलं आयर्विंग बर्लिननं. तो ज्यू. लहानपणी रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेला. १९२८ साली २५ डिसेंबरलाच त्याचं तान्हं बाळ गेलं. मूळ गाण्याच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या उन्हातलं एक कडवं होतं. क्रॉस्बीच्या रेकॉर्डमध्ये ते नाही. ते कडवं धरून ऐकलं की गाणं बदलतं: बर्फात बसलेला माणूस हे गात नाहीये, उन्हात बसलेला माणूस बर्फ आठवतोय. पुढच्या सगळ्यांनी हाच साचा वापरला.

जोनी मिचेलचं 'रिव्हर' (१९७१) घ्या. पियानोवर 'जिंगल बेल्स'ची ओळखीची चाल सुरू होते आणि दोन-चार सुरांतच तिचा रंग उतरतो. कॅनडाची ही बाई कॅलिफोर्नियाच्या उबेत, नातं मोडल्यावर, गोठलेली नदी मागतेय. सणाची चाल तीच ठेवायची आणि फक्त मन बदलायचं, ही युक्ती इतकी साधी आहे की तिची नक्कल करणाऱ्यांनाही ती जमत नाही. होसे फेलिसियानोचं 'फेलिझ नाविदाद' (१९७०) याच्या अगदी उलट. मोजून काही शब्द, निम्मे स्पॅनिश, निम्मे इंग्रजी. लग्नाच्या बँडनं वाजवावं इतकं खुशीचं. पण तो पोर्तो रिकोचा मुलगा लॉस एंजेलिसमध्ये, घरच्यांपासून लांब गातोय हे लक्षात घेऊन ऐका. दोन भाषांमध्ये तेच तेच म्हणणं म्हणजे दोन घरांना एकाच वेळी फोन लावणं आहे.

'लास्ट ख्रिसमस' (१९८४) मला आधी चिकट वाटायचं. मग कळलं की जॉर्ज मायकलनं ते लिहिलं, गायलं आणि त्यातली वाद्यंही स्वतःच वाजवली. एका स्टुडिओत एकटा माणूस, ड्रम मशीन आणि सिंथसायझर. ते एकटेपण ऐकू येतं. ताल एकदाही श्वास घ्यायला थांबत नाही, जणू थांबला तर रडू येईल. मरायाह कॅरीच्या १९९४च्या गाण्याचंही तसंच. अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर यायला त्याला २५ वर्षं लागली, २०१९ साली ते आलं. मॉलमध्ये ते इतकं वाजतं की त्यातली मागणी कुणी ऐकतच नाही: बाकी काही नको, एक माणूस हवाय, आणि तो इथे नाहीये. घंट्या एवढ्या जोरात वाजवल्यात त्या ही रिकामी खुर्ची झाकायला. मला वाटतं, गाण्याची गंमत त्यात आहे आणि मर्यादाही. खुर्ची जरा जास्तच झाकली गेलीय.

ती उघडी ठेवलीय पोग्सनी. 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' (१९८७) सुरू होतं पोलिसांच्या कोठडीत, नाताळच्या आदल्या रात्री. आयर्लंडहून मोठी स्वप्नं घेऊन आलेलं जोडपं आता एकमेकांना शिव्या घालतंय. शेन मॅकगोवन आणि कर्स्टी मॅककॉल गात नाहीत, भांडतात. आणि त्या भांडणाखाली वाजणारी आयरिश चाल त्यांना त्यांच्या गावाकडे ओढत राहते. हे ऐकताना मला अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' आठवते. मुंबईत पोटासाठी आलेला गडी, गावाकडे राहिलेली बायको, आणि एका माणसाच्या विरहातून अख्ख्या महाराष्ट्राच्या तुटलेपणापर्यंत जाणारी ती छक्कड. दोन्हींत स्थलांतर आहे. फरक एकच. 'माझी मैना'मधल्या विरहाला तारीख नाही. ख्रिसमसच्या गाण्याला आहे.

ही तारीखच या गाण्यांचं खरं इंजिन आहे. वर्षभर माणूस कुठेही असो, चालतं. पण एक रात्र अशी ठरलेली आहे की त्या रात्री सगळ्यांनी एका छताखाली असायला हवं. मग जो नाही, तो मोजला जातो. आमच्या धंद्यात याला डेडलाइन म्हणतात. ती नसेल तर कुठलंच काम उशिरा होत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. दुसऱ्या वर्षीच्या ड्युटीत रात्री दीड वाजता एका सर्व्हरची डिस्क भरली. मी ती मोकळी करत होतो तेव्हा आईचा फोन आला. गावात अवकाळी पाऊस, पुंजणे उघडे, बाबा अंधारात एकटेच ताडपत्री ओढत होते. तिनं तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, "बापू, कवा येतेस?" सकाळी क्लायंटकडून कौतुकाची मेल आली. आमचं अर्धं धान काळं पडलं. त्यानंतर ख्रिस रीआचं 'ड्रायव्हिंग होम फॉर ख्रिसमस' लागलं की मी ते बदलतो. चांगलं गाणं आहे, मऊ, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्यालाही हसवणारं. पण त्यातला माणूस पोचणार आहे, हे पहिल्या सुरापासून माहीत असतं.

माझ्या मताला खोटं पाडणारं एक गाणं यादीत आहे, आणि ते मी काढणार नाही. रन-डीएमसीचं 'ख्रिसमस इन हॉलिस' (१९८७). न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली काळ्या लोकांची वस्ती, क्लॅरेन्स कार्टरच्या जुन्या गाण्यातून उचललेला ब्रासचा तुकडा, सांताचं हरवलेलं पाकीट आणि आईनं रांधलेलं जेवण. इथे सगळे घरी आहेत. मग ते का जमतं? कारण त्यात पत्ता आहे. बर्फाच्या चित्रातलं कुणाचंही घर नव्हे, अमुक गल्लीतली अमुक ताटं. घर इतकं नेमकं सांगता येत असेल तर विरहाची गरज पडत नाही.

आणि जे साफ फसतं ते बँड एडचं १९८४चं गाणं. इथिओपियाच्या दुष्काळासाठी पैसे उभे राहिले, ते मोलाचंच. पण त्यांना ख्रिसमस ठाऊक तरी आहे का, असं ज्या देशाबद्दल विचारलंय, तिथे ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. ते लोक नाताळ ७ जानेवारीला करतात, इतकंच. दुसऱ्याच्या घरात न डोकावता त्याच्याबद्दल रडलं की असं होतं.

हेच बोट मग माझ्याकडे वळलं. वसईचा एक सहकारी आहे, त्यांच्या चर्चच्या गायकवृंदात गातो. त्यानं माझी यादी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "छान आहे रे. पण यात सगळ्यांची घरं आहेत, बाळ येशू कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्यासाठी ती रात्र मध्यरात्रीच्या मिस्साची आहे. मी मात्र त्याच्या सणातून मला लागणारं तेवढंच काढून घेतलं होतं.

तेव्हा मला ना. वा. टिळक आठवले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना 'नवा करार' दिला. त्याच वाटेवर आमचं तुमसर रोड स्टेशन लागतं. पुढे १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताला अभंगात, भजनाच्या चालीत आणलं. त्यांनी आपली चाल त्या श्रद्धेला दिली. मी त्या चाली घेतल्या आणि श्रद्धा दारातच ठेवली. देवाणघेवाण दोन्हीकडे आहे, पण टिळकांनी बदल्यात सगळं दिलं होतं, गोतावळ्यासकट. मी काय दिलं?

फार काही नाही देता आलं. या वर्षी शीट आली तेव्हा २४ तारखेपुढे त्या वसईवाल्याचं नाव होतं. ते खोडून मी माझं लिहिलं. तो मिस्साला जाईल. मी त्याच्या बदल्यात त्याची जानेवारीतली सुट्टी घेतलीय. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, तुमसर रोडपर्यंत. आईला तारीखही सांगून टाकलीय.