सर टॉमस रोची तसबीर व जहांगीरचे चितारी

जहांगीर बादशहाच्या चिताऱ्यानें इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या लघुतसबिरीच्या अशा हुबेहूब नकला केल्या कीं खुद्द वकीलच गोंधळला, ही गोष्ट आमच्या संशोधकमंडळींत मोठ्या अभिमानानें सांगण्यांत येते. सांगतांना तिचा उत्तरार्ध मात्र बहुधा गळतो. आणि तो गळाल्यानें आमच्याच चित्रकलेची परीक्षा चुकते, असें आम्हांस वाटतें.

हा वकील १६१५ च्या नोव्हेंबरांत बऱ्हाणपुरीं शाहजादा परवीज यास भेटला होता. आमच्या बुलढाणें जिल्ह्यांतील जळगांव-जामोदच्या उत्तरेचा सातपुडा ओलांडला कीं तें शहर. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांमुळें हा काळ वऱ्हाडांतील वाचकांस परिचित आहेच. पुढें १६१६ च्या ऑगस्टांत अजमिरास बादशहानें एका रात्रीं सहा तसबिरी रोपुढें ठेविल्या. त्यांत पांच नकला व एक मूळ. मेणबत्तीच्या उजेडांत त्यास प्रथम निवड करितां येईना. परंतु अखेर त्यानें आपली तसबीर ओळखली व भेदही दाखविले. ते सामान्य नजरेस कळण्याजोगे नव्हते, असें त्याच्याच रोजनिशींत आहे.

हे भेद कोणते असावे? खुद्द इंग्रजी लघुचित्रांतच तेव्हां दोन वाटा होत्या. एलिझाबेथ राणीचा चितारी निकोलस हिलियर्ड चेहरा रेखेनें उभा करी व छायेस शक्य तों थारा देत नसे. त्याचाच शिष्य आयझॅक ऑलिव्हर, जो १६०५ त जेम्स राजाच्या राणीचा चितारी झाला, तो छायाप्रकाशानें गालास गोलाई आणी. आमच्या चित्रसूत्रानेंही रेखा व वर्तना हे दोन गुण वेगळे मानिले आहेत. रेखेंत मोगल चितारी कोणास हार जाणारा नव्हता. उणें पडलें असेल तर तें वर्तनेंत, असा आमचा तर्क आहे.

पण नकलेवरून कलावंत जोखावाच कां? बिचित्रानें काढलेलें व सध्यां वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहांत असलेलें चित्र पाहावें. बादशहा शेखास ग्रंथ देत आहे. शेखाच्या खालीं तुर्की सुलतान, त्याच्या खालीं इंग्लंडचा जेम्स राजा, आणि अगदीं कोपऱ्यांत स्वतः चितारी. जहांगीर एकचश्मी आहे; जेम्सचें तोंड मात्र विलायती रीतीनें आपल्याकडे वळलेलें, कारण तें इंग्रजी तसबिरीवरूनच उतरविलें आहे. विलायतेंत ज्या राजाचा चेहरा डबींत बसवून लोक गळ्यांत मिरवीत, त्यास बिचित्रानें दरबारच्या पायरीशीं आणून बसविलें. प्रतिमा परकी, पंगत आपली. अशी योजना नकलाकाराच्या हातून होत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, जुन्या मुरक्क्याच्या पानावर फिरंगी चेहरा आढळला तर तेवढाच कापून चौकटींत बसवूं नये. त्याच्या शेजारीं, वर आणि खालीं कोण बसलें आहे, हें त्या पानाखेरीज दुसरीकडे कोठेंच लिहिलेलें नसतें.